तळमजल्यावरचं गरम पाणी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवल्याला आता बरीच वर्षं झाली. टाकी एकच, पाणी एकच. तरी चौथ्या मजल्यावरचे काका शॉवरखाली निवांत गाणी म्हणत आंघोळ करतात आणि तळमजल्यावर मी रोज सकाळी एकदा भाजतो, एकदा गारठतो. नळ उघडला की आधी पाइपातलं रात्रभराचं गार पाणी येतं. मी गरम नळ पूर्ण सोडतो, गार बंद करतो. तरी गारच. मग अचानक कढत धार! घाईघाईने गरम नळ बारीक करतो. थोडा वेळ बरं वाटतं, पण धार बारीक झाल्याने पाणी चार मजले उतरेपर्यंत वाटेतच निवतं आणि पुन्हा कुडकुडायची पाळी. की परत नळ सोडा.

काकांना माझ्यापेक्षा नळ फिरवायची अक्कल जास्त आहे, असं समजायचं कारण नाही. त्यांना त्यांच्या कृतीचं फळ लगेच कळतं, मला मिनिटभराने. त्या मिनिटात मी स्वस्थ बसत नाही, इथे सगळी गोम आहे.

आता हेच दुसऱ्या ठिकाणी पाहा. एखादा फ्रिजचा किंवा पंख्यांचा कारखाना काही वर्षं तिन्ही पाळ्यांत धडधडतो, ओव्हरटाइम मिळतो. मग दोन-तीन वर्षांत निम्मी माणसं घरी. मंदी आली, असं सगळे म्हणतात. पण लोकांनी फ्रिज घेणं तर थांबवलेलं नसतं. मग कारखाना का भाजतो आणि का गारठतो? हे कोडं ज्याने सोडवलं तो माणूस अर्थतज्ज्ञ नव्हता. तोफांचे आणि रडारचे नियंत्रक बनवता बनवता तो व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला होता.

गुरांच्या वाडीवरचा दिवा

जे राइट फॉरेस्टर यांचा जन्म १९१८ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गुराढोरांच्या एका वाडीवरचा. तिथे वीज पोचलेली नव्हती. शाळेच्या शेवटच्या वर्षी या मुलाने जुन्या मोटारींचे सुटे भाग जमवून वाऱ्यावर फिरणारं १२ व्होल्टचं जनित्र उभं केलं आणि वाडीवर पहिल्यांदा विजेचा दिवा लागला. पुढे शेतकी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली, पण दाखल व्हायला तीन आठवडे उरले असताना त्याने बेत बदलला. हिमवादळात गुरं हाकत हिंडण्याची त्याला मुळीच हौस नव्हती. तो विद्युत अभियांत्रिकीकडे वळला आणि १९३९ मध्ये महिना १०० डॉलरच्या संशोधन-सहायकीवर बोस्टनजवळच्या एमआयटीत गेला.

तिथे तो ‘सर्व्हो’ नावाच्या यंत्रणेवर काम करू लागला. सर्व्हो म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात उभं राहून सहज कळतं. आमटीची चव घ्यायची, मीठ कमी वाटलं तर चिमूटभर घालायचं, ढवळून पुन्हा चव घ्यायची. हवं ते आणि आहे ते यांत किती अंतर आहे ते पाहायचं, ते कमी होईल अशा बाजूला ढकलायचं, परत पाहायचं. हे काम माणसाऐवजी यंत्राने सतत केलं की झाला सर्व्हो. चव घेण्याच्या पायरीला अभियंते फीडबॅक म्हणतात. (हल्ली ऑफिसात साहेब देतो त्या फीडबॅकमध्ये ढवळून पुन्हा चव घेण्याची पायरी सहसा नसते.) युद्धकाळात अशा यंत्रणांनी जड तोफा आणि रडारच्या अवजड थाळ्या नेमक्या दिशेला वळवल्या जात.

१९४३ च्या शेवटी ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावरची अशी एक यंत्रणा बिघडली आणि दुरुस्तीसाठी फॉरेस्टर पर्ल हार्बरला गेले. काम संपायच्या आत जहाजाला निघायची आज्ञा झाली. तुम्हीही चला, वाटेत पुरं करा, असं सुचवल्यावर ते निघाले. मार्शल बेटांजवळ जपानी विमानाचा टॉर्पेडो जहाजाच्या मागच्या भागाला लागला. चारपैकी एक पंखा गेला आणि सुकाणू एका बाजूला वळलेल्या अवस्थेत अडकलं. प्रयोगशाळेतला सिद्धांत आणि भर समुद्रातलं यंत्र यांत किती अंतर असतं, त्याची इतकी घट्ट शिकवणी फार थोड्या अभियंत्यांना मिळत असेल.

उशिरा आलेलं बरोबर उत्तर

१९४४ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाचं एक काम एमआयटीकडे आलं. प्रत्येक नव्या विमानासाठी वैमानिकांना शिकवायला वेगळं खोटं विमान, म्हणजे सिम्युलेटर, बांधावं लागे. त्याऐवजी असं एकच यंत्र करायचं, की पवनबोगद्यात मोजलेले आकडे त्यात भरले म्हणजे ते हव्या त्या विमानासारखं वागेल, अगदी अजून न बांधलेल्या विमानासारखंसुद्धा. प्रकल्पाचं नाव ‘व्हर्लविंड’, वावटळ. प्रमुख फॉरेस्टर.

अडचण वेगाची होती. त्या काळच्या गणकयंत्रांना प्रश्न द्यायचा, चहा पिऊन यायचं आणि उत्तर घ्यायचं, अशी रीत होती. सिम्युलेटरमध्ये बसलेला वैमानिक दांडी ओढतो तेव्हा विमानाचं नाक त्याच क्षणी वर गेलं पाहिजे. पाच मिनिटांनी आलेलं अचूक उत्तर त्याच्या लेखी चुकीचंच. त्यामुळे जुन्या पद्धतीचं यंत्र बाजूला ठेवून फॉरेस्टर यांच्या गटाने नव्या अंकीय संगणकाची वाट धरली.

उशीर विमानाला काय करतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुढच्या काळातलं आहे. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी ‘एंटरप्राइझ’ हे चाचणीचं स्पेस शटल कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळाच्या धावपट्टीवर उतरत होतं. फ्रेड हेझ यांच्यासारखा कसलेला वैमानिक दांडीवर होता. धावपट्टीशी आल्यावर त्यांनी नाक थोडं खाली-वर सावरायचा प्रयत्न केला. त्यांचा हुकूम संगणकातून पंखांच्या झडपांपर्यंत जायला आणि एवढं जड विमान प्रत्यक्ष हलायला सेकंदाचा काही अंश लागत होता. विमान हललं नाही असं वाटून हाताने आणखी जोर दिला, तोवर पहिला हुकूम पोचला, मग उलट दुरुस्ती, तीही जास्तीची. विमान हेलकावे खाऊ लागलं, जमिनीला टेकून पुन्हा उसळलं. दांडीवरचा हात सैल झाला तेव्हा ते सावरलं. वैमानिकाने स्वतःच निर्माण केलेल्या अशा हेलकाव्यांना विमानविद्येत स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र साहित्य आहे. पुढे नासाने एका लढाऊ विमानाच्या संगणकात मुद्दाम वेगवेगळा उशीर घालून उतरण्याच्या चाचण्या घेतल्या.

दोष ना वैमानिकाचा, ना विमानाचा. दोघं मिळून जे वर्तुळ होतं, त्यात उशीर शिरला की ते डोलू लागतं. माझ्या न्हाणीघरात वेग एवढाच कमी, की हेलकावा मिनिटांत मोजावा लागतो.

व्हर्लविंडची पुढची कथा मोठी आहे, इथे धावती सांगतो. वैमानिकाची खोली १९४८ मध्ये प्रकल्पातून काढली गेली, संगणक राहिला. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली आणि शत्रूची विमानं रडारवर टिपून क्षणात हिशोब करणारं यंत्र अमेरिकी हवाईदलाला हवं झालं. असं यंत्र एमआयटीत जवळजवळ तयारच होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘सेज’ या हवाई संरक्षण जाळ्याची २० हून अधिक केंद्रं होती आणि ते १९८० च्या दशकापर्यंत चाललं.

याच वाटेवर फॉरेस्टर यांनी संगणकाची एक नवी स्मृती घडवली, तिच्यासाठी मात्र जरा थांबायला हवं. काळ्या मण्यांची पोत ओवावी तशी चुंबकीय पदार्थाची बारीक कडी उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत ओवायची. प्रत्येक कडं एका दिशेला चुंबकित असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. हजारो कड्यांतलं नेमकं एकच कसं उलटवायचं? बँकेच्या लॉकरसारखं. एक किल्ली बँकेची, एक आपली, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. उभ्या तारेतून निम्मा प्रवाह, आडव्या तारेतून निम्मा. दोन्ही जिथे छेदतात ते एकच कडं उलटतं. १९५३ मध्ये ही स्मृती व्हर्लविंडमध्ये बसली आणि पुढची सुमारे वीस वर्षं जगभरचे संगणक याच कड्यांवर चालले. १९६४ मध्ये आयबीएमने या पेटंटपोटी एमआयटीला १ कोटी ३० लाख डॉलर मोजले.

केंटकीतलं कोडं

जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांच्या देणगीतून एमआयटीत १९५२ मध्ये व्यवस्थापनशास्त्राची नवी शाळा निघाली होती. अभियंत्यांच्या शेजारी वाढलेली व्यवस्थापनाची शाळा काही वेगळं करून दाखवील, अशी देणगीदाराची अटकळ. संगणकातलं पायाभूत काम आता झालं, असं वाटून ३८ वर्षांचे फॉरेस्टर १९५६ मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून गेले. काय करायचं ते त्यांना स्वतःलाही नीटसं ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात जनरल इलेक्ट्रिकच्या माणसांशी गप्पा झाल्या. कंपनीचे केंटकी राज्यात घरगुती उपकरणांचे कारखाने होते. ते कधी तीन-चार पाळ्या चालत, कधी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागे. बाजारातले चढउतार, दुसरं काय, असं सांगितलं जाई. फॉरेस्टर यांचं समाधान होईना. त्यांनी एकच गोष्ट खोदून खोदून विचारली: साठा किती ठेवायचा, माणसं कधी घ्यायची, कधी कमी करायची, हे तुम्ही नेमकं कशावरून ठरवता?

उत्तरं मिळाल्यावर त्यांनी वहीचं पान घेतलं. वर रकाने आखले: साठा, कामगार, हातातल्या मागण्या. मग दर आठवड्याला या लोकांनी सांगितल्याप्रमाणेच निर्णय घेत पेन्सिलीने आकडे भरत गेले. बाहेरून येणारी मागणी त्यांनी स्थिर ठेवली होती, तरीही कामगारांचा रकाना वर-खाली डोलू लागला. मंदी कारखान्याच्या आतच तयार होत होती, आणि तीही शहाण्या माणसांच्या अगदी रास्त निर्णयांतून.

रडारच्या थाळीला असा हेलकावा आला असता तर त्यांनी तो लगेच ओळखला असता. इथे थाळीच्या जागी कामगार होते, एवढाच फरक.

चौकट: साबणाच्या वड्यांचा हिशोब

हा हिशोब माझा आहे, कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहा.

दुकानात दर आठवड्याला १०० वड्या खपतात. दुकानदार एका आठवड्याचा माल जादा ठेवतो, म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीला त्याच्याकडे २०० वड्या. दुकानदाराला माल देणाऱ्या स्टॉकिस्टचा आणि स्टॉकिस्टला देणाऱ्या कंपनीचा नियमही हाच.

पहिला आठवडा: खप ११० झाला. दुकानात उरल्या ९०. आता खप ११० धरायचा, म्हणून हव्यात २२०. मागवल्या १३०.
स्टॉकिस्टने २०० मधून १३० दिल्या, उरल्या ७०. त्याला वाटतं खप १३० झाला, म्हणून हव्यात २६०. मागवल्या १९०.
कंपनीने १९० दिल्या, उरल्या १०. हव्यात ३८०. बनवल्या ३७०.

दुसरा आठवडा: खप तोच, ११०. दुकानदाराकडे २२० पैकी ११० उरल्या. त्याने ११० मागवल्या.
स्टॉकिस्टकडे २६० होत्या, दिल्यावर १५० उरल्या. खप ११० धरून हव्यात २२०. मागवल्या ७०.
कंपनीकडे ३८० होत्या, ७० गेल्या, ३१० पडून. हव्यात फक्त १४०. या आठवड्यात बनवल्या शून्य.

गिऱ्हाइकाने फक्त १० वड्या जास्त घेतल्या. कारखाना आधी जवळपास पावणेचारपट धावला, मग बंद.

बिअरचा खेळ

खरा व्यापारी इतका आंधळा नसतो. तो एका आठवड्याच्या खपावरून भुलत नाही, हळूहळू अंदाज बदलतो. फॉरेस्टर यांनी १९६१ च्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या पुस्तकात ही सावधगिरी आणि टपालापासून मालवाहतुकीपर्यंतचे सगळे उशीर धरून हिशोब मांडला. तरीही दुकानातली १० टक्क्यांची वाढ कारखान्यात पोचेपर्यंत चौपटीच्या आसपास गेली, आणि तिथून खाली कोसळली.

आकड्यांवर विश्वास बसत नाही म्हणून एमआयटीत एक खेळ निघाला, आजही जगभरच्या व्यवस्थापनशाळांत तो खेळतात. चार जण एका ओळीत: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, बिअरचा कारखाना. मागणीची चिठ्ठी मागे पाठवायची, माल काही आठवड्यांनी पुढे येणार. एकमेकांशी बोलायचं नाही. पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीला अर्धा डॉलर दंड, देता न आलेल्या पेटीला एक डॉलर. गिऱ्हाईक आधी आठवड्याला चार पेट्या घेतं, पाचव्या आठवड्यापासून आठ. बास. पुढे शेवटपर्यंत आठच.

तरी खेळ रंगतो तो भांडणाने. आधी सगळीकडे खडखडाट होतो, मग एकदम पेट्यांचे ढीग. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाचा आलेख काढायला सांगितला तर खेळाडू डोंगरदऱ्या काढतात. सपाट रेष दाखवली की चेहरे बघण्यासारखे होतात. फॉरेस्टर यांचे शिष्य जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये अशा खेळांचे निकाल तपासले. गटांचा सरासरी खर्च शक्य तितक्या कमी खर्चाच्या दहापट निघाला. कारणही सापडलं. आपण मागवलेला पण वाटेत असलेला माल खेळाडू विसरतात. आज आला नाही म्हणून पुन्हा मागवतात, उद्या आला नाही म्हणून आणखी.

पाइपातलं गरम पाणी निघालेलं असतंच की. आपण तेवढ्यात नळ आणखी सोडतो.

लासलगावचा भाव पाहून उन्हाळ कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याचं दुखणं याच कुळातलं आहे. भाव आज दिसतो, कांदा चार-पाच महिन्यांनी निघतो, आणि मधल्या काळात आणखी किती जणांनी तोच भाव पाहून लावला हे त्याला कुणी सांगत नाही. फक्त इथे दंड अर्ध्या डॉलरवर भागत नाही.

आसूड

डायपरसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीच्या माणसांना हाच अनुभव आला. बाळांचं काम नियमित, दुकानातला खप जवळपास सपाट, पण वितरकांच्या मागण्या उड्या मारणाऱ्या, आणि कच्च्या मालाच्या मागण्या त्याहून वेड्यावाकड्या. त्यांनी याला आसूड म्हटलं. गाडीवान मनगट जरासं झटकतो, आसुडाचं टोक मात्र कडाड्कन वाजतं. १९९७ मध्ये हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग यांनी या आसुडाची कारणं वेगळी करून दाखवली. फॉरेस्टर यांनी उशिरावर आणि माणसांच्या निर्णयांवर बोट ठेवलं होतं. या तिघांचं म्हणणं, की व्यापाराच्या रीतीच अशा आहेत की हिशोबी माणूसही आसूड ओढणारच.

या रीती आपल्या वाण्याला विचारा, तो तोंडपाठ सांगेल. महिनाअखेर आली की कंपनीच्या माणसाचं टार्गेट अपुरं असतं, तो स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतो. ‘स्कीम’ लागली, दहावर एक फुकट, की वाणी दोन महिन्यांचा माल भरतो आणि पुढे दोन महिने मागवतच नाही. कंपनीला वाटतं, खप पडला. ट्रकभाडं वाचवायला मागण्या साठवून एकदम द्यायच्या, ही तिसरी रीत.

चौथी सगळ्यात खोडकर. माल कमी आहे आणि मागाल त्याच्या निम्माच मिळेल, असं कळलं की माणूस दुप्पट मागतो. २०२० च्या मार्चमध्ये सॅनिटायझर मिळेना, सरकारला २०० मिलिलिटरच्या बाटलीचा भाव १०० रुपयांवर बांधावा लागला आणि आपल्याकडचे साखर कारखानेही ते बनवू लागले. त्या मागणीत हात धुणारे किती आणि भीतीपोटी दोन-दोन ठिकाणी सांगून ठेवलेले किती, हे कारखान्याला दिसायची सोय नव्हती. पुढे आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे त्याच बाटल्या टोपलीत एकावर एक फुकट पडल्या होत्या.

नळावर हात कुणाचा

चौकटीतला हिशोब पुन्हा घ्या आणि नियम एवढाच बदला: जेवढ्या गेल्या तेवढ्याच मागवायच्या. दुकानातून ११० गेल्या, मागवल्या ११०. स्टॉकिस्टकडून ११० गेल्या, मागवल्या ११०. कंपनीने बनवल्या ११०. प्रत्येकाची राखीव शिल्लक १०० ऐवजी ९० झाली, बाकी पान हललं नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ‘कानबान’ हा शब्द ठाऊक असतो. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या त्या चिठ्ठीचं मर्म हेच आहे. पुढच्या टप्प्याने उचललं, तरच मागच्याने बनवायचं. खप खरोखरच वाढत राहिला तर राखीव वड्या हळूहळू संपतील, म्हणून अधूनमधून चिठ्ठ्यांची संख्या वाढवावी लागते. पण सावकाश.

दुसरा उपाय पाइप आखूड करण्याचा: दुकानाच्या गल्ल्यावरचा खप थेट कारखान्याला दाखवायचा, मधल्यांच्या अंदाजांवर अंदाज रचायचे नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रॉक्टर अँड गँबल आणि वॉलमार्ट यांनी हे सुरू केलं. सोपं वाटतं, पण आपला खप दुसऱ्याला दाखवायला कोणता व्यापारी आनंदाने तयार होतो?

फॉरेस्टर पुढे याच पेन्सिलीने शहरांचा आणि १९७१ मध्ये अख्ख्या जगाचा हिशोब मांडायला गेले, आणि तिथे त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. माझ्या मते त्यातली काही रास्त होती. कारखान्याच्या साठ्याचे आकडे गोदामात जाऊन मोजता येतात, जगाचे येत नाहीत. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ९८ व्या वर्षी ते गेले.

आमच्याकडे पाइप आखूड होणं शक्य नाही. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट परवडत नाही. गेल्या हिवाळ्यात मी शॉवरचा नाद सोडून बादली-तांब्यावर परत आलो. गरम-गार काय येईल ते बादलीत पडू द्यायचं, भरल्यावर हात घालून पाहायचं, लागलं तर थोडं गार ओतायचं. आईने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.